सात मिनिटांची खंत

उंबरखोपच्या पुलावर पाणी चढलं की माणसं आता आधी रडतात आणि मग पाण्यात गाडी घालतात.

आषाढातल्या त्या सकाळी रडायला आलेल्यांची रांग पत्र्याच्या शेडपासून पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. शेडवर पाटी होती, 'पूर्वखंत केंद्र'. आत दहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येक माणसाच्या उजव्या कानामागे बोटभर रुंदीची पट्टी, आणि दहाच्या दहा जण हमसून हमसून रडत होते. सात मिनिटं झाली की पट्टी आपोआप गळून पडायची. मग माणूस नाक शिंकरायचा, तोंडावरून पंचा फिरवायचा, भिंतीतल्या यंत्रातून आलेला दाखला खिशात घालायचा आणि बाहेर येऊन विचारायचा, "ताई, साखळी काढताय न्हवं?"

ताई म्हणजे मोनाली खराडे. वय एक्कावन्न, आवाज नदीच्या पैलतीराला ऐकू जाईल असा. गेली एकोणीस वर्षं ती या पुलाची राखणदार होती. पाणी फरशीला लागलं की पुलाच्या तोंडाशी साखळी लावायची, कुलूप घालायचं आणि पाणी उतरेपर्यंत कुणाला जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. म्हणजे पूर्वी एवढंच होतं.

येरवंती नदीवरचा हा फरशी पूल म्हणजे कठडे नसलेला, नदीच्या अंगाबरोबरचा सिमेंटचा पट्टा. मोठा पाऊस झाला की पाणी त्याच्यावरून वाहतं. वर अकरा किलोमीटरवर चांगला उंच पूल होऊन बारा वर्षं झाली होती. त्याला कठडे होते, दिवे होते, दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंदी होती. तिकडून माळशिंगला जायला वीस मिनिटं जास्त लागत. वीस मिनिटं! टपरीवर एका चहावर दोन तास काढणारी ही माणसं त्या वीस मिनिटांसाठी पुराच्या पाण्यात उतरायला तयार. आणि आता तर कहर म्हणजे, वीस मिनिटं वाचवण्यासाठी हेच लोक रडायच्या रांगेत पाऊण तास उभे राहत. मोनालीनं हा हिशेब एकदा रांगेतल्या माणसांना ओरडून सांगितला होता. त्यांनी माना डोलावल्या, "खरं हाय ताई," म्हणाले, आणि एक पाऊल पुढं सरकले.

गाड्यांना तरी अक्कल होती. त्या आता आपापल्या चालत, आणि समोर वाहतं पाणी किंवा माणूस दिसला की जागच्या जागी थांबत. पण आगीतून, दरडीतून पळावं लागलं तर अडचण नको, म्हणून गाडीची अक्कल बंद करण्याचं एक लाल बटण कायद्यानं ठेवलं होतं. उंबरखोपच्या गाड्यांमधलं ते बटण बोटांनी झिजून पांढरं पडलं होतं.

डॉक्टर ओवी आरवाडे तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथं आली, ती ऐन उन्हाळ्यात. नदीत तेव्हा घोटाभर पाणी होतं. मेंदूवर काम करणाऱ्या एका संस्थेत ती शास्त्रज्ञ होती. चाळिशीची, हसतमुख, ऐकताना मान किंचित कलती ठेवणारी. मोनालीच्या चौकीत लोखंडी खाटेवर बसून तिनं विचारलं, "ताई, पाणी ओढतंय हे दिसत असतं. मागच्या वर्षी इथंच कोण वाहून गेलं हेही ठाऊक असतं. तरी माणूस गाडी घालतो. का?"

"मूर्ख असतोय म्हणून," मोनाली म्हणाली. तिला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

"नाही. खंत उशिरा येते म्हणून."

मग तिनं कपाळावर, भुवयांच्या जरा वर बोट टेकवून समजावलं. इथं, डोळ्यांच्या खोबणींच्या मागच्या बाजूला, मेंदूचा एक भाग असतो. झालं ते आणि होऊ शकलं असतं ते, या दोन्ही गोष्टी तो शेजारी शेजारी ठेवून बघतो. 'तसं केलं नसतं तर' हे वाक्य जन्माला येतं ते तिथं. ज्यांच्या या भागाला इजा होते त्यांना राग येतो, आनंद होतो, पण खंत वाटत नाही. आणि ज्याला खंत वाटत नाही तो तीच चूक पुन्हा पुन्हा करतो. म्हणजे खंत हा माणसाचा फार उपयोगी अवयव आहे. खोट एकच. तो काम संपल्यावर जागा होतो.

"मी त्याला आधी जागं करणार," ओवी म्हणाली. "माणूस काही करायला निघाला की पुढं काय होईल याचं चित्र त्याचा मेंदू रंगवतच असतो. पण ते फिकट असतं, कारण मेंदू त्याला खरं मानत नाही. ही पट्टी कानामागे लावली की सात मिनिटं मेंदू त्या चित्राला खरं मानायला लागतो. घडून गेलंय, आता इलाज नाही, असं. त्या वेळी जी खंत वाटते तिला मी पूर्वखंत म्हणते. घडण्याआधीची खंत."

"म्हंजे मरायच्या आधी मेल्याचं दुःख?"

"तसंच. मग कोण जाईल पाण्यात?"

मोनालीला ते पटलं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, ही माणसं लई बाराची हायत. पूर्वी काय करायची ठाव हाय? पूर आला की नदीची ओटी भरायची. नारळ, खण, हळदकुंकू. 'माये, सांभाळ' म्हणायचं, हात जोडायचे, आणि त्याच पाण्यात गाडी घालायची. ओटी भरली न्हवं, आता नदी काय करतीय, असं."

ओवी हसली. तिनं वहीत बाकी सगळं लिहिलं होतं, हे लिहिलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात मात्र चमत्कार झाला. शेड उभी राहिली, खुर्च्या आल्या, आणि शंभरातली सत्त्याण्णव माणसं रडून उठल्यावर सरळ घरी गेली. कुणी बायकोला फोन लावून माफी मागितली, कुणी गाडीचं लाल बटण चिकटपट्टीनं बंद करून टाकलं. मोनालीला सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणावर ओरडावं लागलं नाही. श्रावण लागेपर्यंत तिचा घसा इतका बरा झाला की ती चौकीत बसून गाणी म्हणू लागली. दुपारची भाकरी घेऊन येणारी तिची भावजय प्राजक्ता हसून हसून बेजार व्हायची. "ताई, ओरडलेलं बरं हुतं," म्हणायची.

दुसऱ्या वर्षी विमा विकणाऱ्या संग्राम पाटोळेनं वाट दाखवली. हा माणूस दुसऱ्यांना मरणाची भीती घालून पोट भरणारा. तो खुर्चीत बसला, सात मिनिटं ढसाढसा रडला, बाहेर येऊन त्यानं कडक चहा घेतला आणि मोटरसायकल काढली.

"आत्ता रडत हुतास की रं!" मोनाली ओरडली.

"व्हय ताई. लई वाईट वाटलं." तो अगदी मनापासून बोलत होता. "पोरं उघडी पडल्याली दिसली. पण आता काय राह्यलं? पुढं भोगायचं ते भोगून आलो की. मन कसं हलकं झालंय."

साखळीखालून मोटरसायकल आडवी घालून तो पाण्यातून पलीकडे गेलाही. पलीकडून त्यानं हात हलवला. आठवड्याभरात शंभरातले साठ जण रडून, चहा पिऊन, हलके होऊन पलीकडे जाऊ लागले. नारळ गेला, खण गेला, त्यांच्या जागी पट्टी आली. बाकी सगळं होतं तसंच राहिलं.

मोनालीनं रागारागानं ओवीला फोन लावला. ओवीनं सांगितलं की हे तिच्याही आकड्यांत दिसू लागलंय. खंतीचं एक विचित्र आहे, ती म्हणाली. एका कृत्याची खंत मेंदू एकदाच पुरी भोगतो. आधी भोगली तर नंतरसाठी ती उरत नाही. आणि भोगून झाली की माणसाला आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटतं, मग तो थोडं वाईट करायची सवलत घेतो.

"ताई, एखादा म्हणतो ना, 'राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो'? माफी आधीच मागितली, आता वाटेल ते बोलायला मोकळा. तसंच आहे हे."

"मग बंद करा की ते यंत्र!"

"आता ते माझ्या एकटीच्या हातात नाही," ओवी म्हणाली.

खरंच नव्हतं. तोवर पट्टी राज्यभर पोचली होती. साखरेचा आजार असलेले लोक हलवायाच्या दारात सात मिनिटं रडून जिलेबीवर तुटून पडत होते. एका लग्नाच्या बैठकीत मुलाच्या बापानं सगळ्यांसमोर पट्टी लावून घेतली, 'मुलीच्या घरच्यांना किती त्रास होईल' म्हणून डोळे भरून रडला आणि पट्टी गळताच चारचाकी मागितली. मुलीकडच्यांनीही म्हणे त्याचं कौतुक केलं, माणूस किती हळवा आहे म्हणून. ऐकून मोनालीच्या अंगाची लाही लाही झाली. शहाण्या माणसाला वेड लागलेलं समजू शकतं, पण वेडेपणाला सभ्यपणाचा सदरा घालून मिरवायचं म्हणजे काय!

आणि मग तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर खात्याचं परिपत्रक आलं. मोनालीनं ते चौकीच्या दारात उभं राहून मोठ्यांदा वाचलं. 'ज्या नागरिकास पूर्वखंत झाली आहे, त्याने पूर्ण जाणिवेने निर्णय घेतला आहे असे समजण्यात यावे. अशा नागरिकाने जाणीव-दाखला सादर केल्यास त्यास अटकाव करू नये. त्यापुढील परिणामांस खाते जबाबदार राहणार नाही.' लोकांनी त्याच दिवशी जाणीव-दाखल्याचं नाव रडदाखला ठेवलं. म्हणजे एकोणीस वर्षं जी साखळी लावायचा तिला पगार मिळत होता, तीच आता ती दाखला बघून काढणार. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात तिनं एकाला दाखला असूनही अडवलं, तर चौथ्या दिवशी तिला नोटीस आली.

त्याच आषाढातली ती सकाळ. रांग दुपारपर्यंत हलत राहिली, आणि साडेबाराच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ ओंकार जीप घेऊन साखळीपाशी आला. डोळे लाल, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. शेजारच्या सीटवर प्राजक्ता, मांडीवर भाकऱ्यांचा डबा.

"काढ आक्का," ओंकार म्हणाला आणि रडदाखला पुढं केला.

"कुठं निघालास?"

"माळशिंगला, बंड्याकडं. आखाड हाय, मटण केलंय त्यानं. भाकरी आमच्याकडनं."

पुलावर गुडघाभर पाणी होतं, मातकट आणि ओढीचं. मोनालीनं पाण्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. "वरच्या पुलावरनं जा."

"वीस मिन्टं जास्त लागत्यात. रस्सा गार हुईल."

"रस्सा?" तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ओंक्या, रश्श्यासाठी तू माणसं पाण्यात घालणार? गरम करून घे की रं भाड्या! गॅस न्हाई व्हय बंड्याकडं?"

"गरम केल्यालं आणि ताजं, फरक असतोय आक्का. आणि मी काय तसाच निघालोय व्हय? रांगेत पाऊण तास हुतो. रडलोय."

मोनाली जीपला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. "प्राजू, तू बसलीस का खुर्चीत?"

"मी कशाला?" प्राजक्ता हसली. "गाडी ह्यांनी चालवायची. दाखला डायवरलाच लागतोय न्हवं?"

"खाली उतर. माझ्यापाशी बस. ह्याला जाऊ दे एकट्याला काय गिळायचं ते गिळायला."

प्राजक्तानं एक पाय खाली टाकलाही. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो गाडीच्या आरशात स्वतःचे सुजलेले डोळे बघत होता. "नडलंय त्यांचं जायचं," ती हळूच म्हणाली. "जाऊ दे ताई, यायला काय उशीर करत न्हाई." तिनं डबा उघडून दोन भाकऱ्या आणि खरडा कागदावर काढून मोनालीच्या हातात ठेवला, रोजच्यासारखा. "जेवून घ्या. नुसतं ओरडत बसू नका."

एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात दाखला. खिशात नोटीस. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आणि भावाचा तो हलका झालेला, तृप्त चेहरा बघून मोनालीच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं कुलूप काढलं, साखळी खाली टाकली आणि पुऱ्या आवाजात ओरडली, "जा! जा, मर जा तिकडं!"

ओंकारनं लाल बटण दाबलं.

पुलाच्या मध्यावर जीपचं मागचं चाक फरशीवरून घसरलं, आणि गाडी एका बाजूला कलली, तशी पाण्यानं ती उचलली. पन्नास-साठ माणसं काठावर होती. त्यांनी दोर टाकले, आरडाओरडा केला. ओंकार खालच्या अंगाला बाभळीत अडकला, त्याला ओढून काढलं. प्राजक्ता दोन दिवसांनी सापडली, बरीच खाली, ऊसपट्ट्यात. त्या दोन दिवसांतही शेड चालू होती आणि रांग तेवढीच होती.

मोनाली चौकीत गेली नाही. भावाच्या घरी माणसांची रीघ लागली होती आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटले की आपलाच आवाज ऐकू यायचा, जा, मर जा तिकडं. साखळी आपल्या हातानं खाली टाकली. एका हातात प्राजक्ताचीच भाकरी होती. उतरत होती ती, पाय खाली टाकला होता तिनं, हात धरून ओढली असती तर. हे 'तर' काही केल्या थांबत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भावकीनं कडू घास आणला. ओंकार ताटावर बसला आणि नीट जेवला. "आक्का, आमटी घाल अजून," तो म्हणाला.

मोनालीनं वाटी ठेवली. दाराआडून त्याच्याकडं बघत राहिली. "ओंक्या, तुला काहीच वाटंना व्हय रं?"

त्यानं खरंच विचार केला. "तिची आठवण येती की. घर रिकामं वाटतंय." घास चावून झाल्यावर म्हणाला, "पण तू म्हणतीस तसलं न्हाई. तसलं माझं झालंय, त्या दिवशी शेडमधी. लई रडलो हुतो."

"कशासाठी? तू तुझ्यासाठी रडलास."

"न्हाई आक्का." तो साधेपणानं म्हणाला. "तीच दिसली मला. मागचं चाक घसरलं, ती काचंवर हात आपटत हुती. डबा तरंगत हुता. सगळं हुबेहूब. हितंच दुखलं बघ." त्यानं छातीवर हात ठेवला.

"तुला दिसलं?" मोनाली दारातून पुढं आली. "दिसलं, आणि तू तिला बसवून नेलीस?"

"रडून झालं हुतं की," ओंकार म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, निबरही झाला नव्हता. लहानपणी कोंबडीचं पिल्लू मेलं म्हणून दोन दिवस न जेवलेला हाच तो भाऊ. त्याच्यात वाईट असं काही शिरलं नव्हतं, फक्त जिथं खंत असायची तिथं आता झाडून लख्ख केलेली रिकामी खोली होती. मोनालीला त्याला फाडून खावंसं वाटलं. आणि तेही करून उपयोग नव्हता, कारण मारणाऱ्याला निदान समोरचा कळवळलेला दिसावा लागतो.

ओवी आरवाडे नवव्या दिवशी आली. वही घेऊन. आधी ती ओंकारशी तासभर बोलली, मग चौकीत येऊन त्याच लोखंडी खाटेवर बसली. मोनाली उभीच राहिली.

"मॅडम, तुमाला हे म्हाईत हुतं?"

"कोणतं?"

"की कोण तरी मरणार. तुमच्या यंत्रानं माणसं थांबणार न्हाईत, उलट मोकळी हुतील. परिपत्रकावर तुमची सही हाय. 'पूर्वखंत झालेला माणूस पूर्ण जाणिवेनं निर्णय घेतो', हे तुमीच लिहून दिलंय म्हणं. लिहिताना म्हाईत हुतं?"

ओवीनं मान किंचित कलती केली, पहिल्या दिवशी केली होती तशीच. "हो."

"मग?"

"सही केली नसती तर संस्था बंद पडली असती. दहा वर्षांचं काम होतं, माणसं होती." ती शांतपणे बोलत होती, हवामान सांगावं तशी. "सही सोपी नव्हती ताई. मी प्रामाणिक राहायचं ठरवलं. सही करण्याआधी मी पट्टी लावून घेतली."

मोनालीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिनं खाटेचा गज धरला.

"फार भयंकर होतं," ओवी म्हणाली. "एक पूल दिसला. हाच असेल. एक बाई दिसली. आयुष्यात इतकी कधी रडले नव्हते."

"आणि मग सही केली."

"मग बरं वाटलं," ओवी म्हणाली. "ताई, तुम्हाला झोप नाही, तुम्ही जेवत नाही, असं ऐकलं. तुमच्यासाठीच आलेय खरं तर. घडून गेलेल्या गोष्टीवरही पट्टी चालते आता. थोड्या बैठका लागतील. तुमची खंत उतरेल."

मोनालीच्या मनात एकदम पुष्कळ शिव्या आल्या, एकोणीस वर्षांत जमवलेल्या. पण समोरच्या बाईला त्या कुठंच लागणार नाहीत हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "माझी ऱ्हाऊ दे. ह्या गावात तेवढीच एक उरलीय. साखळी धरायला लागंल मला."

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा चढलं. मोनाली सकाळी लवकर चौकीत आली. तिनं पुलाच्या तोंडाशी साखळी ओढली, कुलूप घातलं, चावी एकदा तळहातावर धरून पाहिली आणि नदीत भिरकावून दिली. मग साखळीच्या पुढं, डांबरी रस्त्याच्या मधोमध, मांडी घालून बसली. शेड उघडली. रांग लागली. थोड्या वेळानं पहिला रडदाखला तिच्यासमोर आला.

तो एक खतांची पोती नेणारा ट्रकवाला होता. पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध, चेहऱ्यानं अगदी सालस. "ताई, साखळी?"

"चावी न्हाई. वरच्या पुलावरनं जा."

"पण मी रडलोय." त्यानं कागद दाखवला. "पाऊण तास रांगेत हुतो. आता मागं फिरलो तर माझी खंत वाया जाईल की. फुकटचंच रडलो म्हणायचं का मी?"

मागच्या चार-दोन जणांनी त्याला दुजोरा दिला. ज्यांनी रडून घेतलंय त्यांच्यावर हा अन्याय आहे, असं कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, साखळी जुनीच आहे, ट्रकनं ओढली तर तुटेल.

"तोडा!" मोनाली कडाडली. तिचा जुना आवाज परत आला होता, पैलतीराला ऐकू जाणारा. "रडलात म्हणून बुडायलाच पाहिजे व्हय रं तुमी? माझी भावजय गेली ह्या पाण्यात. एका वाटीभर रश्श्यापायी गेली. साखळी तोडायची तर ट्रक आधी माझ्या अंगावरनं घाल. मी हिथनं उठत न्हाई. घाल, हाय का तुझ्यात दम?"

ट्रकवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मागं आपल्या ट्रकच्या चाकांकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी कणव होती. त्यानं दोन्ही हात जोडले, "माफ करा ताई," म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

मोनालीनं श्वास सोडला. इतक्या वर्षांत कधी नव्हे ते एक माणूस तिचं ऐकून माघारी फिरला होता. तिचे डोळे भरून आले, नि पहिल्यांदाच प्राजक्तासाठी मोकळं रडावंसं वाटलं.

तो ट्रकपाशी थांबला नाही. ट्रक ओलांडून पुढं गेला, शेडवरूनही पुढं गेला आणि पिठाच्या गिरणीजवळ रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्या माणसानं मागं वळून विचारलं, 'तुझं रडून झालं हुतं की, आता कुणासाठी?' त्यानं बोट करून रस्त्यात बसलेल्या मोनालीकडं दाखवलं. पुढच्या माणसानं समजून मान डोलावली.

साखळीसमोरच्या गाड्यांमधून आणखी दोघं खाली उतरले आणि त्याच्या मागं जाऊन उभे राहिले.